हीर, खराटा आणि कलम 27

देवगडच्या बाजूच्या एका आईने विचारलेला प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा. नवरा ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रावर. मुलगा मोबाइल सोडत नाही, अभ्यासाला बस म्हटलं की उलटून बोलतो. मग या बाई खराट्यातला एक हीर, म्हणजे माडाच्या पातीची काडी, ओढून काढतात आणि पोटरीवर दोन फटके देतात. शेजारच्या बाई शाळेत शिकवतात. त्यांनी ऐकवलं की हा गुन्हा आहे, परदेशात यासाठी मुलं काढून घेतात, आपल्याकडेही तसा कायदा व्हायला पाहिजे. आईचा प्रश्न असा: "खरंच गुन्हा आहे का? आणि उद्या तसा कायदा आलाच, तर माझ्यासारखीने एकटीने पोराला वळण कसं लावायचं?"

मी कोकणात सव्वीस वर्षं वकिली करते. त्यातली काही वर्षं एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर काढली; संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं काय करायचं, ते ही समिती ठरवते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितल्या आहेत. उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मत सांगून टाकते. आईबापांनी मुलांना मारायला कायद्याने बंदी असावी. ती मोडली म्हणून आईला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवू नये. हे दोन्ही एकदम कसं जमेल, हे सांगायचं तर आज कायद्यात काय आहे तिथून सुरुवात करावी लागेल. कारण शेजारच्या बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावरच आमच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात.

शाळेत मारायला बंदी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. म्हणजे शेजारच्या बाईंनी वर्गात तुमच्या मुलाला हीर मारला, तर त्या अडचणीत येतील. बालगृह, वसतिगृह अशा संस्थांसाठी 2015 चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या कलम 82 मध्ये मुलाला मारणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आता गंमत बघा. याच कायद्यात 'शारीरिक शिक्षा' म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे: शिस्त लावण्यासाठी किंवा चुकीचं प्रायश्चित्त म्हणून मुलाला जाणूनबुजून वेदना देणं, आणि तेही 'कोणत्याही व्यक्तीने'. कोणत्याही व्यक्तीत आई आली, बाप आला, आजोबा आले, गणपतीला मुंबईहून उतरलेला काका आला. पण शिक्षेचं कलम फक्त संस्थांसाठी. व्याख्या तुमच्या ओटीपर्यंत येते आणि शिक्षा बालगृहाच्या फाटकाशीच थांबते. घरात मुलाला मारू नये, असं साधं वाक्य भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही.

मग घरातला मार सरसकट कायदेशीर आहे का? तसंही नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, हाल केले आणि त्यामुळे मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. यातला 'अनावश्यक' हा शब्द लक्षात ठेवा. सगळा युक्तिवाद त्या शब्दावर होतो. काही यातना आवश्यक असतात, असं कायद्याने न बोलता मान्य केलंय, असा त्याचा अर्थ आम्ही वकील काढतो, आणि आरोपीकडून उभे असलो तर काढायलाच हवा.

दुसरी पळवाट जास्त जुनी आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 89 होतं, तेच 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 27 म्हणून आलं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने काही केलं आणि त्यातून मुलाला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. जीव घेणं किंवा हातपाय मोडण्यासारखी जबर दुखापत करणं याला अर्थातच सूट नाही. या कलमाचा आधार घेऊन 'माफक मार' हा आईबापांचा, आणि पूर्वी गुरुजींचाही, हक्क मानला गेला. पण कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी दिलेलं उदाहरण वाचलंत तर चकित व्हाल. ते माराचं नाहीच. एक बाप आपल्या मुलाचं मूतखड्याचं ऑपरेशन मुलाची संमती न घेता सर्जनकडून करवून घेतो, हे ते उदाहरण. मूतखडा काढण्यासाठी लिहिलेलं कलम आपण हीर आणि पट्ट्यासाठी वापरत आलो.

शिवाय 'सद्भावना' म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन जे केलं नाही ते सद्भावनेने केलं असं म्हणता येत नाही, असं कायदाच सांगतो. संध्याकाळी दमून आल्यावर संतापात ओढलेल्या फटक्यामागे कसली काळजी आणि कसलं लक्ष? मी स्वतः माझ्या मुलाला पाढ्यांवरून फूटपट्टीने मारलं आहे, दोनदा. तेव्हा माझं लक्ष फूटपट्टीकडेही नव्हतं आणि पाढ्यांकडेही. दुसऱ्या दिवशीची एक उलटतपासणी डोक्यात होती.

थोडक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पोटरीवर हिराचे दोन फटके हा आज कागदावर धड गुन्हाही नाही आणि धड निर्दोषही नाही. मुलगा बाराचा झाला की कलम 27 चं छत्र उडतं आणि तोच फटका साधी दुखापत होते. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस एन.सी., नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतील आणि कोर्टाचा रस्ता दाखवतील. कायद्याची ही अशी अर्धवट अवस्था मला मान्य नाही. का नाही, ते दोन घरांवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत.

पहिल्या घरातला मुलगा आठ वर्षांचा. वर्गात बसेना, बाकाला टेकून उभा राहायचा. शिक्षकांनी पाय बघितले आणि 1098 ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. प्रकरण आमच्याकडे आलं, आणि सामाजिक तपासणीसाठी बाल संरक्षण कक्षाच्या कार्यकर्तीबरोबर मीही घरी गेले. बाप मुंबईला, आई काजू फॅक्टरीत, घरी आजी. आजी खळ्यात बसून चुडतांचे हीर काढत होती, खराटा बांधायला. आम्हाला बघून तिने आधी आपलं गाऱ्हाणं घातलं: "खराटो आठ दिस टिकणा नाय गो बाय. कोण हीर काढता काय म्हाईत."

हीर मुलगाच काढत होता. रोज शाळेतून आला की खराट्यातले चार-सहा जाडे हीर उपसायचा आणि न्हाणीमागच्या अळवात टाकायचा. जाडा हीर जोरात लागतो, असा त्याचा हिशोब. बारीक हीर जास्त झोंबतो हे अनुभवाने कळल्यावर त्याने बारीकही काढायला घेतले. अळवाच्या पानांखाली हिरांचा चांगला भारा साठला होता. हे सगळं त्याने कार्यकर्तीला दाखवलं, लपवलेली बोरं दाखवावीत तसं, जरा अभिमानानेच. आई मागे उभी होती. ती त्याच्याकडे न बघता त्या भाऱ्याकडे बघत राहिली.

तिच्याशी बोलताना एक गोष्ट पुढे आली. मार बसायचा तो संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान. ती साडेसहाला घरी यायची, चूल, पाणी, आणि आठला मुंबईहून नवऱ्याचा फोन. फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास झाला काय त्येचो?" नाही म्हटलं की तिला ऐकून घ्यावं लागायचं. आठच्या आत अभ्यास झालाच पाहिजे आणि मुलगा तर दिवे लागले की पेंगायचा. कार्यकर्तीने नवऱ्याला फोन करून सांगितलं की फोन रात्री साडेनऊला करा आणि अभ्यासाचं विचारू नका. अभ्यास सकाळवर ढकलला. मार त्यानंतर पुष्कळ कमी झाला. सगळा थांबला असं मी म्हणणार नाही. केस झाली नाही, मूल घरीच राहिलं.

पण त्या पहिल्या भेटीत आईने मला विचारलं होतं, "मारूचा नाय असो कायदो हा काय?" मी म्हटलं, शाळेत आहे, घरासाठी तसा सरळ नाही. ती म्हणाली, "मगे?"

या 'मगे'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कलम 75 ची भीती घालता आली असती, पण दोन हिरांसाठी तीन वर्षांची कैद सांगायला माझीच जीभ वळेना, आणि तिनेही ते खरं मानलं नसतं. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतले गुरुजी, हे लोक रोज घरोघरी जातात. मुलाला पोलिओचा डोस द्या, हे त्या ठामपणे सांगतात, कारण पाठीमागे सरकार उभं आहे. मुलाला मारू नका, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो, कारण मागे काही नाही, आपलं एक मत सांगितल्यासारखं होतं, आणि त्यावर कुणीही "तू माका शिकवतलंस?" म्हणू शकतं. बंदीची एक ओळ हवी ती या बायांच्या हातात द्यायला. पोलिसांच्या हातात द्यायला आधीच पुरेसं आहे.

दुसरं घर. मुलगा अकराचा. बापाने पट्ट्याने मारलं, बक्कल भुवईवर लागलं, तीन टाके पडले. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, गुन्हा दाखल झाला. बाप टेम्पोवर ड्रायव्हर, हापूसच्या पेट्या वाशीला नेणारा. अटक झाली एप्रिलच्या मध्यावर. एप्रिलमध्ये इथे टेम्पो तीन दिवस उभा राहिला तर काय होतं हे देवगड-रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको. जामीन मिळाला तोवर मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. सबंध हंगाम गेला. मुलाला कुणी मारलं नाही त्यानंतर, पण बोलणंही कुणी बोलेना. त्याच्यासमोर आत्या म्हणायची, "झाला ना मनासारखा?" दोन वर्षांनी तो साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, पायरीवरून पडलो. फितूर. बापाची निर्दोष सुटका. आज न्यायालयाच्या कागदावर त्या मुलाला कुणीही मारलेलं नाही.

पट्टा आणि हीर मी एका मापाने मोजत नाही. बक्कल भुवईवर लागलं तिथे गुन्हा दाखल व्हायलाच हवा होता. माझं म्हणणं एवढंच की त्या घरात गुन्ह्याच्या आधी चार-पाच वर्षं मार चालू होता, वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आमचा कायदा टाके पडेपर्यंत वाट बघत बसला होता. आणि एकदा हलला तो अटक करूनच. मधली पायरीच नाही.

म्हणून कायदा कसा असावा याबद्दल माझं म्हणणं असं. बाल न्याय कायदा सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे, तेव्हा ओळ तिथेच घालावी: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा अपमानास्पद वागणूक देण्याचा हक्क पालकासह कुणालाही नाही. न्याय संहितेच्या कलम 27 ला एक स्पष्टीकरण जोडावं, की शिस्तीसाठी दिलेला मार 'भल्यासाठी केलेली कृती' धरला जाणार नाही. मूतखड्याच्या ऑपरेशनला ते कलम खुशाल राहू दे. नवीन गुन्हा, नवीन कैद काही नको. साध्या माराची तक्रार आली, तर ती पोलिसांकडे न जाता बाल संरक्षण कक्षाकडे जावी, तिथून समुपदेशक घरी जावा. जबर मारासाठी कलम 75 आहेच.

"म्हणजे एक चापट मारली तरी समुपदेशक?" असं आमच्या वकिलांच्या बारमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं होतं. तो विसरला होता की न्याय संहितेत कलम 33 पण आहे: साध्या समजुतीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा हा गुन्हा होत नाही. रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराला दंडाला धरून मागे खेचलं, तर कुठल्याही देशात कुणी विचारत नाही. चुलीकडे हात नेणाऱ्याचा हात झटकणं ही शिक्षा नव्हे, राखण आहे.

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. कोकणात ती भाऊबंदकीची. एका घरात तीन चुली, सातबारावर अकरा नावं, माडांच्या वाटणीवरून पंधरा वर्षं दावा. अशा घरात भावाच्या बायकोने मुलाला धपाटा घातला, तर दुसऱ्या दिवशी तक्रार करायला कोण जाईल, ते सांगायला ज्योतिषी नको. घटस्फोटाच्या आणि मुलाच्या ताब्याच्या दाव्यांत तर 'मुलाला मारते' हे वाक्य आजच टाइप करून ठेवल्यासारखं येतं. मीही ते टाइप केलं आहे. कायद्यात कैद घातली की हे दहापट होईल. कैद नसेल, तर भाऊबंदाला तक्रारीतून मिळणार काय? घरी एक बाई येऊन चहा पिऊन दोन तास बोलून जाईल, एवढंच. त्यासाठी कुणी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, खेप घालणार नाही. जेलविना बंदी हवी असं मी म्हणते त्यामागे माया आहेच, पण निम्मं हे अनुभवाचं गणित आहे.

आता परदेशाचं. स्वीडनने 1979 साली जगात पहिल्यांदा घरातल्या मारावर पूर्ण बंदी आणली, हे सगळे सांगतात. ती तीन पायऱ्यांनी आली, हे कुणी सांगत नाही. 1957 साली फौजदारी कायद्यातली आईबापांची सूट काढली, 1966 साली पालकत्वाच्या कायद्यातली परवानगी काढली, आणि मग 1979 ला स्पष्ट मनाई लिहिली. बावीस वर्षं. आणि त्या मनाईच्या कलमाला शिक्षाच जोडलेली नाही. जबर मारहाण झाली तर नेहमीचा फौजदारी कायदा. कायदा झाल्यावर सरकारने मुलं असलेल्या घरोघर माहितीपत्रक पाठवलं आणि दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर मजकूर छापला, सकाळी न्याहारीला बसलेल्या आईला, बापाला आणि मुलाला एकदमच वाचता यावा म्हणून. मला त्या अख्ख्या कायद्यात ही दुधाची कल्पना सगळ्यात आवडते. आपल्याकडे रेशनच्या दुकानावर, एस.टी.च्या मागे, गणपतीच्या आरतीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर हे सहज छापता येईल.

न्यूझीलंडने 2007 साली 'वाजवी मारा'चा बचाव काढून टाकला, पण क्षुल्लक प्रकरणात खटला न भरण्याची पोलिसांची मुभा कायद्यातच लिहून ठेवली. दोन वर्षांनी सार्वमत झालं, त्यात सुमारे 87 टक्के लोकांनी मार गुन्हा नसावा म्हणून मत दिलं. सरकारने कायदा मागे घेतला नाही. लोक आधी तयार होतील आणि मग कायदा करू, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सतीबंदीच्या वेळी कुणी मतदान घेतलं नव्हतं. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने 2020 पासून आणि वेल्सने 2022 पासून बंदी लागू केली. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' हा बचाव 2004 च्या कायद्याने आवळला, पण उरलाच. जपाननेही 2020 पासून बंदी आणली, शिक्षेविना.

आणि फार लांब कशाला जायचं? तुमच्याकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला जे नेपाळी गडी बायकोमुलांसकट राहतात, त्यांच्या देशात 2018 पासून घरातल्या माराला मनाई आहे. दक्षिण आशियात पहिली. आपण बागेत ज्याला गुरखा म्हणून ठेवतो त्याच्या मुलाला त्याच्या गावी जे संरक्षण आहे, ते आपल्या मुलाला इथे नाही.

परदेशात मुलं काढून घेतात, हे बरोबर आहे. पण तो अधिकार बाल संरक्षण यंत्रणेचा असतो, मारबंदीच्या ओळीतून तो येत नाही. आपल्याकडे मारबंदी नाही, तरी मूल बालगृहात ठेवण्याचा अधिकार समितीला आजही आहे. फरक एवढाच की आपला कायदा सांगतो, संस्था हा शेवटचा उपाय, आधी घर. मी सही केलेल्या आदेशांत मारापायी मूल घराबाहेर ठेवल्याचे आदेश एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्या प्रत्येकात मारापेक्षा भयंकर काहीतरी होतं.

"आमका आमच्या बापाशीन कमी मारल्यान? मेलंव काय आमी?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. नाही मेलात. माझेही वडील निरगुडीची शिपटी वापरायचे आणि मी वकील झाले. पण वाडीतल्या ज्या चार मुलांना तीच शिपटी बसली आणि जी मुलं बारावीच्या आत घर सोडून मुंबईला पळाली, ती असं म्हणायला इथे नसतात. संशोधनाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2016 साली 75 अभ्यास आणि सुमारे 1,60,000 मुलांची माहिती एकत्र करून बघितली. ज्यांना जास्त फटके बसतात ती मुलं जास्त उद्धट, जास्त आक्रमक, जास्त खचलेली आढळली. मुलं वाईट वागतात म्हणून मार बसतो की मार बसतो म्हणून वाईट वागतात, हा वाद त्यावर होतो, आणि तो रास्त आहे. मात्र माराने मूल सुधारतं, हे त्या ढिगातून निघालं नाही. आणि तुम्ही एकट्या नाही आहात. 2007 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत 12,447 मुलांशी बोलले, त्यात दर तीनमधल्या दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आईबाप होते.

एक निरीक्षण आहे, त्याला आकडे नाहीत. आमच्याकडे प्रकरणं दोन वेळांना वाढतात. मासेमारीच्या पावसाळी बंदीत बोटी शाकारून ठेवतात, माणसं घरी, हातात पैसा नाही, तेव्हा. आणि गणपतीत. वर्षभर आई म्हणत असते, "बाबा येऊंदेत गणपतीक, मगे बघ." बाबा पाच दिवसांच्या रजेवर येतात, आल्या आल्या तक्रारींची यादी हातात पडते, आणि पाच दिवसांत वर्षभराचं वळण लावून रात्रीची गाडी पकडायची असते. या दोन्ही वेळी मुलाचा गुन्हा नेहमीइतकाच असतो. बंदीचा कायदा आला, तर समुपदेशक नेमकं याच वेळी गावात हवेत. आज अख्ख्या जिल्ह्याला पुरेल इतकी माणसं त्या कक्षात नाहीत, आणि ती न नेमता नुसती ओळ छापली तर शाळेतल्या बंदीचं झालं तेच होईल: कागदावर 2010 पासून छडी गेली, काही वर्गांत ती अजून कपाटामागे असते.

आता तुमच्यापुरतं. तुमच्यावर कुणी उद्या केस घालणार नाही, त्या भीतीने झोप घालवू नका. मुलगा नऊचा आहे, तीन वर्षांनी तो तुमच्या खांद्याला लागेल आणि हीर धरेल. ती वेळ बापाच्या वाट्याला लवकर येते, आईच्या थोडी उशिरा, पण येते.

पंधरा दिवस एक करा. हात उचलला, किंवा उचलावासा वाटला, की वहीत फक्त वेळ लिहा. कारण लिहू नका, कारण लिहायला बसलं की आपण आपलीच वकिली करतो. आठ-दहा नोंदी झाल्या की वेळ कुठली ते तुम्हालाच दिसेल. मोबाइल तुमचा आहे की त्याचा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमचा असेल, तर नवऱ्याचा फोन बोट बंदराला लागल्यावर येतो, तोपर्यंत तो बंद करून डब्यात ठेवता येतो. भांडण निम्मं तिथेच मिटतं. उलट बोलतो तेव्हा उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पाण्याला जा, विहिरीवर जाऊन या. बोलणं थांबवायला नऊ वर्षांच्या पोराला समोर माणूस लागतो.

खराटा पडवीत हाताशी ठेवू नका. खळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मांगराजवळ ठेवा. हीर ओढायला तिथपर्यंत जावं लागलं, तर बऱ्याच वेळा तुम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिराल. एखादवेळी नाही फिरणार. ती वेळही वहीत लिहा. शेजारच्या बाईंना सांगा की गुन्हा आहे म्हणून धाक घालण्यापेक्षा संध्याकाळचा अर्धा तास पोराला त्यांच्या ओटीवर अभ्यासाला बसू दे. शिक्षिका आहेत, त्यांना जमेल. आणि अगदीच हाताबाहेर जातंय असं वाटलं तर 1098 हा नंबर फक्त तक्रारीसाठी नाही, आईही त्यावर फोन करू शकते, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत.

वही भरली की मला परत लिहा. नोंदी गाळू नका, वेळा जशा आहेत तशा पाठवा.